काम मुलाचं, पेन्सिलही मुलाच्याच हातात: विशेष गरजा असलेल्या मुलांना स्वतः करून शिकू द्यायचं तर काय काय करायचं

वही उघडली की कळतं. अक्षर एकसारखं, उत्तर पूर्ण, एकही खाडाखोड नाही, आणि मुलाला विचारलं की यात काय लिहिलंयस तर ते शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. काम झालेलं असतं पण ते शॅडो टीचरने (वर्गात मुलाच्या सोबत बसणाऱ्या मदतनिसाने) केलेलं असतं, किंवा आईने, किंवा बाकावरच्या मैत्रिणीने पटकन उरकून दिलेलं असतं, आणि यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, सगळे मायेपोटीच करतात. वर्गाचा वेग असतो, पुढचा तास असतो, घरी झोपायची वेळ झालेली असते, मूल रडकुंडीला आलेलं असतं, मग आपण पेन्सिल आपल्या हातात घेतो.

ती मुलाच्याच हातात कशी राहील ते इथे सविस्तर लिहितेय. मुलाला डिस्लेक्सिया (वाचण्यातली अडचण) असो, ऑटिझम असो, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची, शांत बसण्याची अडचण), बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर ताबा ठेवण्याची अडचण), दिसण्याची किंवा ऐकण्याची अडचण, तपशील बदलतात पण एक गोष्ट सगळीकडे लागू पडते. मदत कामाच्या आधी करा, कामाच्या आजूबाजूला करा, पण त्या कामातून जे शिकायचंय तेवढा गाभा मुलालाच करू द्या, मग तो वाकडातिकडा होवो, हळू होवो, अर्धा होवो.

सतत शेजारी बसण्याने काय होतं

अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातले मायकल जियानग्रेको आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास मांडला. नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या, गंभीर अडचणी असलेल्या मुलांच्या अगदी जवळ मदतनीस सतत बसून राहिले तर काय होतं हे त्यांनी बघितलं. जे दिसलं ते शाळेत काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल: मूल वर्गमित्रांपासून तुटतं, मोठ्यांवर विसंबून राहायला लागतं, स्वतःच्या गोष्टींवरचा त्याचा ताबा जातो, आणि वर्गशिक्षकांना हळूहळू वाटायला लागतं की हे मूल माझं नाही, मदतनिसाचं आहे. मदतनीस चांगला मनापासून काम करणारा असला तरी हे होतं, कारण प्रॉब्लेम माणसाचा नाहीये, अंतराचा आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्राण्यांवरचे प्रयोग करून मांडलं होतं की त्रास टाळण्यासाठी काहीही केलं तरी उपयोग होत नाही असं वारंवार अनुभवलं की प्राणी प्रयत्न करणंच सोडून देतो, म्हणजे असहाय्यता शिकली जाते. पण मेंदूवरचं बरंच संशोधन झाल्यावर २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपलीच मांडणी उलटी केली आणि म्हटलं की लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं हीच मेंदूची मूळची प्रतिक्रिया असते, शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने फरक पडतो. हे प्रयोग शाळेतले नाहीत हे खरं, पण ज्या मुलाला अभ्यास म्हणजे रोजचा त्रास वाटतो त्याच्याबाबतीत मला हे फार पटतं. मी केलं म्हणून झालं, हा अनुभव त्या मुलाला मुद्दाम मिळवून द्यावा लागतो, तो आपोआप येत नाही, आणि दुसऱ्याने करून दिलेल्या शंभर पानांतून तर अजिबात येत नाही.

आधी ठरवा, यातून शिकायचंय काय

बहुतेक घोळ इथेच होतो. धडा वाचून पाच प्रश्नांची उत्तरं लिहा, असं काम आलं की त्यात खरंतर चार-पाच वेगवेगळी कामं असतात: धडा वाचणं, समजणं, उत्तर डोक्यात जुळवणं, ते लक्षात ठेवणं, हाताने लिहिणं. ज्याला डिस्ग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातली अडचण आहे त्याची सगळी ताकद शेवटच्या कामात संपते आणि आपण म्हणतो याला धडा समजला नाही.

म्हणून काम सुरू करायच्या आधी स्वतःला विचारा की आज यातलं नेमकं कुठलं शिकायचंय. धडा समजणं हे शिकायचं असेल तर वाचून दाखवा किंवा मोबाइलवर ऐकवा, उत्तर तोंडी घ्या, टाइप करू द्या, चित्रांचा क्रम लावू द्या, काहीही चालेल, पण उत्तर मुलाचं हवं. भागाकाराची रीत शिकायची असेल तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा, कारण आज पाढे शिकायचे नाहीयेत. पण वाचायला शिकणं हेच आजचं काम असेल तर वाचून दाखवलं की काम आपण केलं. एकच मदत एका दिवशी योग्य असते आणि दुसऱ्या दिवशी काम हिरावून घेते ती अशी.

शाळेत यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत नको. तेच शिकायचं पण वेगळ्या रस्त्याने, उदाहरणार्थ जास्त वेळ, मोठा टाइप, ऐकून, बोलून, ही एक गोष्ट. आणि शिकायचंच कमी किंवा वेगळं, ही दुसरी. दोन्हीची गरज पडते, पण पहिलीने भागत असेल तर दुसरीकडे घाईने जाऊ नका. दहा गणितांऐवजी चार दिली तर शिकणं बहुतेक वेळा कमी होत नाही, पण चारही गणितं आपणच मांडून देऊन फक्त शेवटची बेरीज मुलाकडून घेतली तर होतं.

कामाचे तुकडे करा, पण आधी गप्प बसून बघा

तुकडे करणं सगळ्यांना माहीत असतं, टास्क अॅनालिसिस म्हणतात त्याला. ते कागदावर करण्याआधी काम स्वतः एकदा सावकाश करा आणि करताना प्रत्येक हालचाल लिहा, म्हणजे कळतं की "दप्तर भर" या दोन शब्दांत वेळापत्रक बघणं, आजची पुस्तकं ओळखणं, कालची काढून ठेवणं, मोठी मागे लहान पुढे ठेवणं, डबा-बाटलीची जागा, चेन लावणं, एवढं सगळं दडलंय.

मग मुलाला ते काम करायला सांगा आणि काही मदत करू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. कुठे थांबतं, कुठे चुकतं, कुठे आपल्याकडे बघतं, ते लिहून ठेवा. कित्येकदा असं दिसतं की मुलाला सात पायऱ्यांपैकी पाच येतात आणि आपण सातही करून देत होतो. शिकवायचं फक्त उरलेल्या दोन.

हाताने करायच्या कामांमध्ये शेवटाकडून शिकवणं फार छान चालतं. मोजा घालायचा आहे, तर तुम्ही टाचेवरून घोट्यापर्यंत चढवा आणि शेवटचं वर ओढणं मुलाला करू द्या. ते जमलं की टाचेपासून, मग बोटांपासून, मग मोजा हातात देऊन. यात काम पूर्ण झाल्याचा आनंद दर वेळी मुलाच्याच हातून येतो, अर्धवट सोडलं आणि बाकी आईने केलं असं होत नाही. शर्टाची बटणं, दप्तराची चेन, अंथरुणाची घडी, सगळ्याला हे लागू पडतं. ज्या कामात पहिल्या पायरीतच मुलाला गोडी आहे तिथे सुरुवातीपासून शिकवा, हट्ट नको.

मदत किती, कधी आणि आधी थांबायचं किती

लहान मुलांना आधार कसा द्यायचा यावर डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांचं १९७६ चं काम प्रसिद्ध आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड करायला दिला होता आणि शिकवणारीने ठरवलं होतं की मुलाला जेवढं स्वतः करता येईल तेवढं करू द्यायचं. यातून पुढे जो नियम रुजला तो मी रोज वापरते: मूल अडलं तर मदत एक पायरी वाढवा, जमलं तर लगेच एक पायरी कमी करा. वाढवायचं सगळ्यांना जमतं, कमी करायचं राहून जातं.

पायऱ्या साधारण अशा धरा. सगळ्यात कमी म्हणजे काहीच न बोलता थांबणं. मग नजर किंवा बोटाने दाखवणं, मग चित्र किंवा लिहिलेली खूण, मग शब्दांत सूचना, मग स्वतः करून दाखवणं, आणि शेवटी हाताला हात लावणं. क्रम थोडा मागेपुढे होऊ शकतो, मुलागणिक बदलतो.

शब्दांतली सूचना आपल्याला सगळ्यात हलकी मदत वाटते. आता पान उलट, आता तारीख लिही, आता पुढचं, असं आपण बोलतच राहतो आणि मूल आपल्या आवाजावर चालायला लागतं, आवाज बंद झाला की मूलही बंद. सगळ्यात चिवट सवय या बोलण्याचीच लागते, काढायला सगळ्यात अवघड. त्यापेक्षा चार खुणांची पट्टी टेबलावर चिकटवा आणि मूल थांबलं की न बोलता पट्टीकडे बोट दाखवा. बोट हळूहळू मागे घेता येतं, पट्टी लहान करता येते, आणि पट्टी मूल स्वतः सोबत नेऊ शकतं. तुम्हाला नेऊ शकत नाही.

हाताला हात लावायचा असेल तर विचारून. मुलाचा हात वरून पकडून फिरवण्यापेक्षा आपला हात खाली ठेवून त्यावर मुलाला हात ठेवू द्यावा, म्हणजे त्याला हालचाल कळते आणि नको असेल तेव्हा हात काढून घेता येतो. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा मुलांसोबत काम करणारे लोक ही पद्धत आवर्जून वापरतात, पण ती सगळ्यांसाठीच चांगली आहे. मूल हात मागे ओढतंय तर तो नकार आहे, तो मानायचा.

आता थांबण्याबद्दल. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. ही गोष्ट साध्या वर्गातली. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायलाच जास्त वेळ लागतो, किंवा जे मूल टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून बोलतं, त्याला तीन सेकंदांत काय होणार? मनात सावकाश दहा आकडे मोजा. त्या वेळात प्रश्न परत विचारू नका, दुसऱ्या शब्दांत तर अजिबात नको, कारण शब्द बदलले की मुलाला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि चेहऱ्याकडे टक लावून बघत बसू नका, वहीकडे बघा.

अगदी नवीन गोष्ट शिकवताना मात्र उलटं करा. पहिल्या काही वेळा न थांबता लगेच उत्तर दाखवा म्हणजे चूक पक्की होत नाही, मग मध्ये चार-पाच सेकंदांचं अंतर ठेवा. त्या अंतरात मूल स्वतःहून करायला लागतं तो क्षण चुकवू नका, त्या क्षणी तुमचं तोंड बंद असायला हवं.

टेबल, खुर्ची आणि चार प्रश्न

बसण्याची सोय नीट नसेल तर बाकी सगळं फुकट जातं. पाय जमिनीवर टेकलेले हवेत, टेकत नसतील तर खाली ठोकळा ठेवा. टेबल कोपराच्या उंचीला. लिहायला त्रास असेल तर वहीखाली उतरती फळी, कागद घसरू नये म्हणून खाली रबरी चटई, जाड पेन्सिल किंवा ग्रिप. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं हाताने करता यावीत म्हणून मदत करणारे) असेल तर हे त्यांना विचारा, ग्रिप सगळ्यांना एकच चालत नाही.

कामाची मांडणी कशी करायची याचं उत्तर मला टीच पद्धतीत सगळ्यात सुटसुटीत वाटतं. एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी ती उभी केली आणि १९७२ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यात ती सरकारी कार्यक्रम म्हणून चालू झाली. त्यात कामाच्या जागेकडे नुसतं बघून मुलाला चार गोष्टी कळायला हव्यात: काय करायचंय, किती करायचंय, संपलं कसं कळणार, आणि नंतर काय. म्हणजे डाव्या बाजूला तीन ट्रे, प्रत्येकात एक काम, झालं की उजवीकडच्या खोक्यात टाकायचं, शेवटी एका चित्रावर पुढची गोष्ट, मग तो झोका असेल नाहीतर सुट्टी. कुणी काही सांगायची गरजच उरत नाही. ऑटिझम नसलेल्या मुलांनाही हे चालतं, एडीएचडी असलेल्यांना तर खूपच, कारण "अभ्यास कर" याला शेवट नसतो आणि तीन ट्रेंना असतो.

मोठ्या मुलांसाठी ट्रेऐवजी यादी, मोबाइलवरचा अलार्म, वेळ सरकताना दिसतो असा टायमर. यादी मुलाने स्वतः लिहिली किंवा निदान क्रम स्वतः लावला तर फरक पडतो. कुठलं गणित आधी, कुठल्या पेनाने, जमिनीवर बसून की टेबलावर, एवढी निवड मुलाची असू द्या, काम करायचं की नाही ही नाही.

एक उत्तर लिहायचंय, तर

समजा दहा वर्षांचं मूल आहे, बोलतं छान, लिहायला बसवलं की दोन शब्दांत गार पडतं. प्रश्न आहे, झाडाला वाढायला काय काय लागतं ते चार वाक्यांत लिहा.

आधी बोलू द्या. मोबाइलवर रेकॉर्ड करा, मध्ये दुरुस्त करू नका. मग त्यालाच ते ऐकवा आणि ऐकताना चार छोट्या चिठ्ठ्यांवर त्याने फक्त एकेक शब्द लिहायचा किंवा चित्र काढायचं, पाणी, उजेड, हवा, माती. स्पेलिंग कसंही चालेल. चिठ्ठ्यांचा क्रम त्याने लावायचा. आता एक चिठ्ठी उचलायची, वाक्य तोंडाने म्हणायचं, बोटांवर शब्द मोजायचे, आणि लिहायचं. तुम्ही काय करायचं, तर बाकीच्या तीन चिठ्ठ्या झाकून ठेवायच्या. बस एवढंच.

एखादा शब्द अडला तर वेगळ्या कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा, त्याच्या वहीत लिहू नका. बघून लिहिणंसुद्धा त्याचं लिहिणंच आहे. पहिल्या दिवशी एकच वाक्य झालं तर चालेल, बाकी तीन वाक्यं रेकॉर्डिंगमध्ये आहेतच, ती शिक्षकांना ऐकवा. पुढच्या आठवड्यात दोन वाक्यं. नंतर चिठ्ठ्यांऐवजी वहीच्या कडेला चार शब्द, मग फक्त चार टिंबं, मग तेही नको. आधार कसा काढायचा हे पहिल्याच दिवशी डोक्यात असलं पाहिजे, नाहीतर चिठ्ठ्याच कायमच्या होतात.

लेखनिक किंवा बोलून टाइप होणारं अॅप वापरायचं असेल तरी हाच नियम. लेखनिकाने मूल बोललं तेच लिहायचं, वाक्य सुंदर करायचं नाही, राहिलेला मुद्दा आठवण करून द्यायचा नाही. आणि लेखनिकासोबत काम करणं हे वेगळं कौशल्य आहे, कुठे थांबायचं, मागचं परत वाचून दाखवा म्हणायचं, बदल सांगायचा, हे परीक्षेच्या दिवशी जमत नाही, महिने आधी सराव लागतो. स्क्रीन वाचून दाखवणारी सोय आज साध्या फोनमध्येही असते, ती वापरणं म्हणजे फसवणूक नाही. चष्म्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

चूक झाली तर

खोडरबर काही दिवस लपवून ठेवा, खरंच. काही मुलं एकेक अक्षर पाच वेळा खोडतात आणि पान फाटतं, त्यांना एक रेघ मारून पुढे जायला शिकवा. चूक दाखवताना उत्तर सांगू नका, जागा दाखवा: या ओळीत एक गोष्ट परत बघायची आहे. त्यानेही नाही सापडली तर जागा आणखी लहान करा, या दोन शब्दांत आहे. स्वतः तपासायची सवय लावायला उत्तरांचं कार्ड उलटं ठेवा, काम झालं की मुलाने ते सुलटं करून स्वतः बघायचं. ठोकळे, कोडी, जुळवाजुळव अशा कामांत वस्तूच सांगते की बसलं नाही, तिथे आपण बोलायचंच नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली शाळा काढली, पण त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या, आणि चूक वस्तूनेच दाखवावी अशी जी साधनं त्यांच्या पद्धतीत असतात त्यांतली बरीच त्या कामातून आलेली होती. म्हणजे आज सगळीकडे मिरवणाऱ्या या पद्धतीची सुरुवात आपल्याच मुलांसोबतच्या कामातून झालेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

शाबासकी देताना "हुशार आहेस" यापेक्षा काय केलं ते सांगा. तू अडलास तेव्हा पट्टीकडे बघितलंस, तू वाक्य आधी म्हणून पाहिलंस. दर अक्षराला शाबासकी नको, त्याचीही वाट बघायची सवय लागते.

मदत मागणं हेही काम

स्वतः करणं म्हणजे एकट्याने सगळं करणं असं नाही. कधी मदत हवी, कुणाकडे, नेमकी कशाची, हे सांगता येणं हे खूप मोठं शिकणं आहे आणि ते वेगळं शिकवावं लागतं. "मदत हवी" आणि "थोडा वेळ हवा" अशी दोन कार्डं टेबलावर ठेवा, बोलणाऱ्या मुलांसाठीही, कारण त्रासात असताना बोलणाऱ्यांचेही शब्द हरवतात. कार्ड दाखवलं की लगेच जा, आणि फक्त मागितली तेवढीच मदत करा. कार्ड न दाखवता नुसतं रडून काम संपतंय असं होऊ लागलं तर काम अवघड आहे का हे आधी तपासा, मुलाला दोष नंतर.

आणि काही वेळा खरंच थांबायचं असतं. आजारपण, झोप न झालेली, फिट येऊन गेलेली, आवाजाने कान भरून आलेले, अशा दिवशी तुम्हीच सगळं करा, बिनधास्त करा. मेल्टडाउन चालू असताना, म्हणजे मूल त्रासाने पार कोलमडलेलं असताना, शिकवणं होत नाही.

ज्यांना हालचाल किंवा समज खूपच मर्यादित आहे त्यांच्याबद्दल लोक म्हणतात की यांना कसं स्वतः करायला लावणार. १९८२ पासून विशेष शिक्षणात अंशतः सहभाग हे तत्त्व मांडलं गेलंय, म्हणजे सगळं काम जमत नसेल तरी त्यातला एक खरा भाग मुलाचा असावा. गोष्ट वाचताना पुढच्या पानासाठी स्विच (दाबलं की पान उलटतं असं बटण) दाबणं, दोन रंगांतून नजरेने एक निवडणं. भाग खरा हवा, म्हणजे त्याने स्विच दाबलं नाही तर पान उलटणार नाही. आपण आधीच उलटून टाकलं आणि मग त्याचा हात स्विचवर आपटला तर ते नाटक झालं, आणि मुलांना ते कळतं.

नोंद ठेवा आणि मागे सरका

नोंद सोपी ठेवा नाहीतर होत नाही. प्रत्येक पायरीसमोर एक अक्षर: स म्हणजे स्वतः, ख म्हणजे खूण किंवा इशारा, ब म्हणजे बोलून, द म्हणजे करून दाखवलं, ह म्हणजे हात लावून. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. ब ब ब ब असं आठवडाभर दिसलं तर मूल शिकत नाहीये असं लगेच म्हणू नका, तुमची मदत अडकलीय. तीन दिवस सलग स आलं की ती पायरी सोडा आणि तिकडे परत बघूही नका.

मदतनिसाची खुर्ची हीसुद्धा नोंदीत घ्या. आधी शेजारी, मग थोडी मागे, मग एक बाक सोडून, मग वर्गात इतर मुलांनाही मदत करत फिरणं. मुलाचा पहिला प्रश्न वर्गशिक्षकांकडे जायला हवा, मदतनिसाकडे नाही, हे दोघांनी आधी बोलून ठरवा. गटात काम असेल तेव्हा वर्गमित्रांनाही सांगावं लागतं, कारण मायाळू मुलं सगळं करून टाकतात. त्यांना एकच वाक्य शिकवा, "तू कर, मी थांबतो." आणि गटात आपल्या मुलाचं काम असं ठरवा की ते झाल्याशिवाय गटाचं काम पुढे जाणार नाही, मोजमाप घेणं, फोटो काढणं, वेळ बघणं, नुसतं कागद धरून उभं राहणं नको.

शाळेच्या भिंतीवर लावायच्या चित्रांनाही हे लागू आहे. वाकडं कापलेलं पान वाकडंच लावा. वरून आपण रेघ मारून नीट केलं तर मूल भिंतीसमोर उभं राहून दुसऱ्याचं काम बघतं.

सगळीकडे एकदम सुरू करू नका. एक काम निवडा, रोज होणारं, घाई नसलेल्या वेळेचं. सकाळी शाळेची गाडी यायच्या आधी बटणं शिकवायला जाऊ नका, संध्याकाळी कपडे बदलताना शिकवा, सकाळी खुशाल लावून द्या. मग एका कागदावर त्या कामाच्या पायऱ्या, कुठल्या मुलाच्या आणि कुठल्या आपल्या, किती वेळ थांबायचं, आणि अडलं तर पहिली मदत कुठली, एवढं लिहून आजी-आजोबा, ताई, बदली शिक्षक, थेरपिस्ट, जो कुणी मुलासोबत असेल त्याच्या हातात द्या. आजी करून देते आणि आई थांबते असं झालं तर मूल आजीची वाट बघणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही. महिन्याने कागद काढा, ज्या पायऱ्या मुलाच्या झाल्या त्यांसमोरची तुमची सूचना खोडा, आणि नवीन कागद परत सगळ्यांना द्या.